'सेकेद'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा होता: पिरॅमिडवरच्या लेखात 'सेकेद'साठी 'पवित्र कोन' असा शब्द वाचला, तो बरोबर का?

नाही. सेकेद हा मुळात कोनच नव्हे. भिंत एक हात वर चढताना आडवी किती आत सरते, ते माप म्हणजे सेकेद. इजिप्तचा राजहात सुमारे 52.4 सेंमीचा, त्याचे 7 तळवे आणि दर तळव्याची 4 बोटे, म्हणजे एकूण 28 बोटे. (आपला जुना हात 24 अंगुळांचा. दोन्ही एकच समजू नयेत.)

'ढाळ' जवळचा आहे, पण उलटा. गवंडी गच्चीला ढाळ देतो तेव्हा आडव्या लांबीवर उतार मोजतो. सेकेदमध्ये उंची ठरलेली आणि आडवे माप बदलते. त्यामुळे सेकेद जितका मोठा तितका चढ सौम्य. 7 तळवे झाले की बरोबर 45 अंश. इथेच गफलत होते. खुफू राजाच्या पिरॅमिडचा (गिझाचा सर्वांत मोठा) सेकेद 5½ तळवे. 5½ ला 7 ने भागून कोन काढला तर 38 अंश येतात. 7 ला 5½ ने भागले की खरे 51.8 येतात. मी 'आतसर' म्हणेन. शब्द नवा आहे, पण दिशा चुकत नाही.

सेकेद काढायची रीत ऱ्हिंड पपायरस या प्राचीन इजिप्तच्या गणिताच्या हस्तलिखितातल्या 56व्या उदाहरणात आहे: पाया 360 हात, उंची 250. पायाचा अर्धा 180, त्याला 250 ने भागून 7 ने गुणा: 5 1/25 तळवे.

आता 'पवित्र'. खुफूचा पाया 440 हात, उंची 280. परिमिती भागिले उंची 44/7, म्हणजे 22/7 ची दुप्पट, आणि लगेच 'पाय'चे (π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) गूढ निघते! पण हे गुणोत्तर नेहमीच सेकेदच्या 8/7 पट असते. शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडचा सेकेद 5¼, तिथे उत्तर नेमके 6. मग π कुठे गेला?

पावित्र्य हवे तर ते नावांत शोधा. खुफूच्या पिरॅमिडचे नाव 'अखेत खुफू', म्हणजे खुफूचे क्षितिज, सूर्य उगवतो ती जागा. शिखरावरच्या दगडाला 'बेनबेनेत' म्हणत, हेलिओपोलिस या सूर्यपूजेच्या नगरातल्या पूज्य 'बेनबेन' शिळेवरून. सेकेद मात्र गुण्या-ओळंब्याच्या घरातला शब्द. मूळ लिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे त्यातले दोन्ही 'ए' आजच्या अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेले आहेत. 'सेकेड' असे मात्र लिहू नये, शेवटचा वर्ण आपल्या 'द'च्या जवळचा.