अमेरिकेत इमिग्रेशन कोठडीत असलेल्याला, केसचा निकाल लागण्याआधी कोर्ट सोडू शकतं का?

हो, पण कुठलं कोर्ट ते आधी पाहा. इमिग्रेशन जज हा न्याय खात्याचा माणूस. तो बॉण्ड, म्हणजे जामीन देऊ शकतो, किमान १,५०० डॉलरचा. काही गुन्ह्यांत मात्र कायद्यानेच त्याचे हात बांधलेत.

मी सांगतोय तो रस्ता वेगळा. फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे आपली बंदी प्रत्यक्षीकरण याचिका टाकायची आणि ती प्रलंबित असतानाच अंतरिम सुटका मागायची. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, व्हरमाँटवर अधिकार असलेल्या सेकंड सर्किट या फेडरल अपील कोर्टाने २००१ मध्ये 'मॅप विरुद्ध रेनो' खटल्यात हा कोर्टाचा अंगभूत अधिकार मानला. अटी कडक: दाव्यात दम हवा, परिस्थिती असाधारण हवी, आणि सुटकेशिवाय याचिकाच निरर्थक ठरेल असं दिसायला हवं.

असाधारण म्हणजे काय? मे २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाची तुर्की विद्यार्थिनी रुमेसा ओझतुर्क लुईझियानाच्या कोठडीतून व्हिडिओवर हजर होती. सुनावणी चालू असतानाच तिला दम्याचा झटका आला. व्हरमाँटच्या न्यायाधीशांनी त्याच दिवशी सोडायला सांगितलं. पाच दिवसांनी व्हर्जिनियातल्या कोर्टाने जॉर्जटाउनचे भारतीय संशोधक बदर खान सुरी यांनाही सोडलं.

सुटका झाली म्हणजे केस संपली, असं मात्र नाही. हद्दपारीची कारवाई चालूच राहते. आणि सर्किटप्रमाणे, म्हणजे अपील कोर्टाच्या विभागाप्रमाणे निकष बदलतात, तेव्हा वकील त्याच भागातला, हेबियसचं काम केलेला बघा. नुसता व्हिसाचे फॉर्म भरणारा इथे कामाचा नाही.