टार्पच्या (ट्रेकला डोक्यावर ताणायच्या पावसाळी कापडाच्या) कडेला दोरी बांधायचे लूप हाताने शिवले तर वाऱ्यात टिकतील का?

टिकतात, मशीन लागत नाही. माझ्या टार्पच्या कडांच्या मधोमधचे चारही लूप हातशिलाईचे आहेत आणि राजगडावरचा पावसाळी वारा त्यांनी सोसलाय.

दोरा सहसा तुटत नाही, कापडच सुईच्या भोकांच्या रेषेत फाटतं. म्हणून खरी मेहनत तिथे घ्या. लूप कडेच्या दुमडीवरच बसवा आणि आतून तळहाताएवढा जाड नायलॉनचा तुकडा लावा. त्याचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपऱ्यावर ताण एकवटतो.

बॅगेला लावतात ती २० मिमीची पॉलिएस्टर पट्टी घ्या, पुण्यात रविवार पेठेत बॅगेच्या सामानाच्या दुकानांत विचारा. कापलेली टोकं मेणबत्तीवर धरून वितळवा, नाहीतर धागे सुटतात. दोराही पॉलिएस्टरचाच, सुती दोरा आपल्या पावसात कुजतो. धावदोरा अजिबात नको, हातटीप घाला: प्रत्येक टाका मागे नेऊन पुढे काढायचा. आधी चौकोन, मग त्यात फुली. टाके ३ मिमीचे ठेवा. फार दाट घातलेत तर कापडाला पोस्टाच्या तिकिटासारखी छिद्रं पडतात.

शेवटी टाक्यांवर सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा लेप, लावा. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडावर फक्त सिलिकॉनचंच चिकटतं.

तुमची साधी प्लास्टिकची ताडपत्री असेल तर मात्र शिवू नका. कडेला गोल खडा गुंडाळून त्याच्या मानेशी दोरी आवळा, तेच जास्त भक्कम.