मेथडिस्ट पाळकांची सेवा निवृत्तीनंतर संपते का? त्यांच्या लेखनाचा कुणाला उपयोग होतो का?

आपले काका अलीकडेच मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे पाळक (धर्मगुरू) म्हणून निवृत्त झाले असून त्यांना आता लिहायचे आहे, पण ते वाचणार कोण, अशी शंका आपण विचारली आहे. मी ठाण्यातील एका मराठी मंडळीचा (एका चर्चच्या ख्रिस्ती उपासकसमूहाचा) सभासद आहे आणि आमच्याकडे स्थायिक झालेल्या एका निवृत्त पाळकसाहेबांकडे पवित्र शास्त्राचा अभ्यास करतो, म्हणून अनुभवातून लिहितो.

मेथडिस्ट पाळक निवृत्त होतात ते नेमणुकीतून. त्यांची दीक्षा मात्र आयुष्यभराची असते. बोलावणे आले तर ते संदेश देतात, प्रभुभोजनाचा विधी चालवतात, दफनविधीला उभे राहतात. अध्यापन तर मला त्यांच्या सेवेचा सर्वांत फलदायी भाग वाटतो, कारण बैठका, हिशेब आणि इमारतीची दुरुस्ती यांतून मोकळा झालेला माणूस एका वचनावर तासभर थांबू शकतो, आणि समोरच्या तरुणाने अडचणीचा प्रश्न विचारला तरी त्याला घाई नसते.

लेखनाची परंपरा या पंथात पहिल्यापासून आहे. पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) घोड्यावरून गावोगाव प्रवचने देत फिरला, तरी त्याने रोजनिशी ठेवली, स्वस्त पुस्तिका छापल्या आणि गरिबांना घरी करता येतील अशा उपचारांचे पुस्तकही १७४७ मध्ये काढले. त्याची छापील प्रवचने आजही मेथडिस्ट शिकवणीचा आधार मानली जातात. आपल्या मुंबईत १८४८ साली आलेले अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन पुढे मेथडिस्ट झाले. अत्यंत साधेपणाने राहून त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ हे वृत्तपत्र अनेक वर्षे चालवले.

तरीही काकांनी लिहावे असे मला मनापासून वाटते त्याचे कारण वेगळे आहे. मेथडिस्ट व्यवस्थेत पाळकांची नेमणूक बिशप करतात आणि वेळोवेळी बदली होते, त्यामुळे एकाच माणसाने अनेक मंडळ्या आतून पाहिलेल्या असतात. मंडळीच्या वह्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी सापडतात. पण गाव सोडून वागळे इस्टेटच्या कारखान्यात कामाला आलेल्या कुटुंबाने पहिली प्रार्थना कुणाच्या खोलीत केली, चर्चसाठी पैसे कसे जमले, कुठल्या वादातून मंडळी दुभंगता दुभंगता राहिली, हे तिथे लिहिलेले नसते. ते पाळकांना आणि पाळकबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नींना, ठाऊक असते. (पाळकबाईंचे काम तर कुठल्याच अहवालात धड येत नाही, याची मला खंत आहे.)

म्हणून प्रवचनांचा संग्रह त्यांनी दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवावा आणि आधी नेमणुकीच्या क्रमाने एकेका मंडळीविषयी लिहावे. गावाचे नाव, वर्ष, तिथे उपासना कुठे भरत असे, शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग) कोण घेत असे, कोणती गीते आवडीने म्हटली जात, एवढ्यापासून आरंभ पुरेसा आहे. घरगुती कलह किंवा विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी मात्र वगळाव्यात, कारण पाळकांजवळ मोकळे केलेले मन त्यांच्या निवृत्तीनंतरही त्यांच्याजवळच राहिले पाहिजे. हात थरथरत असल्यास आपण त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून उतरवून घ्यावे आणि तो मजकूर त्यांना वाचून दाखवावा. ऐकताना त्यांना आणखी नावे आठवतील.