उपहास लिहिणाऱ्या हातासाठी

प्रिय मित्रा,

तुझ्या कविता मन लावून वाचल्या. हात चांगला आहे, कान तर फारच चांगला. पण जवळजवळ प्रत्येक कवितेत तू कुणावर तरी दात धरून बसला आहेस. म्हणून तुला अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीबद्दल लिहितोय.

पोप १६८८ साली लंडनमध्ये एका कॅथलिक घरात जन्मला. तेव्हा तिथे कॅथलिकांना विद्यापीठाची दारं बंद होती. लहानपणीच मणक्याचा क्षय जडला, पाठीला कुबड आलं, उंची साडेचार फुटांच्या आसपास राहिली. विरोधक त्या कुबडावरूनही हिणवायचे. सूड घ्यायला त्याच्याकडे तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त कारणं होती.

तरी ‘द रेप ऑफ द लॉक’ ही कविता त्याने लिहिली ती भांडण मिटावं म्हणून. लॉर्ड पीटरने अॅराबेला फर्मरच्या केसांची बट कापली आणि दोन घराण्यांत वितुष्ट आलं. जॉन कॅरिल या मित्राने सुचवलं, यावर काहीतरी लिही, लोक हसतील तरी. १७१२ मध्ये दोन सर्गांची असलेली कविता १७१४ मध्ये पाच सर्गांची झाली. त्यात नायिकेच्या प्रसाधनाच्या टेबलाचं वर्णन करणारी एक ओळ आहे: पावडर लावायचे पफ, पावडरी, गालावर चिकटवायच्या टिकल्या, बायबलं, प्रेमपत्रं. बस्स, नुसती यादी! टीकेचा एक शब्द नाही. बायबल कुठे ठेवलंय तेवढं बघ. एक अख्खा समाज त्या ओळीत उघडा पडतो, आणि तरी त्या मुलीबद्दल कवीला माया आहे हे जाणवत राहतं.

आता त्याची ‘डन्सियड’ ही मूर्खांची खिल्ली उडवणारी दीर्घ कविता घे. पोपने संपादलेल्या शेक्सपिअरमधल्या चुका लुइस थिओबाल्ड या अभ्यासकाने १७२६ मध्ये दाखवून दिल्या, आणि बऱ्याचशा बरोबरच होत्या. पोपने १७२८ मध्ये त्याला मूर्खांचा राजा करून टाकलं. पुढे १७४३ मध्ये त्याला काढून कॉली सिबर या नट-नाटककाराला त्याच सिंहासनावर बसवलं. माणूस बदलला तरी कविता चाललीच! मला हे फार बोलकं वाटतं. आज तळटिपांशिवाय त्यातली निम्मी नावं कळत नाहीत. मात्र शेवटी सगळ्या विद्येवर अंधार पसरतो, त्या ओळी अंगावर येतात. तिथे कुणाही खऱ्या माणसाचं नाव नाही.

कष्टांच्या बाबतीत मात्र डोळे मिटून त्याच्या मागे जा. होमरचं ‘इलियड’ हे ग्रीक महाकाव्य त्याने आगाऊ वर्गणीदार मिळवून इंग्रजीत आणलं. सुमारे पाच हजार पौंड मिळाले आणि कुणा सरदाराच्या दारात उभं राहायची वेळ आली नाही. त्याचे कच्चे खर्डे आलेल्या पत्रांच्या पाठकोऱ्या बाजूंवर आहेत, खाडाखोडीने भरलेले.

तुझी नगरसेवकावरची कविता परत पाठवतोय. त्याचं नाव गाळून पुन्हा लिही. त्याच्या ऑफिसातलं टेबल मला दिसू दे.

तुझा,
सर