बेरीज शून्यच का येतीय?

प्रश्न : शाहूपुरीत आमचं गुळाचं दुकान हाय, पोरानं एक्सेल घालून दिलंय, पण ढेपांच्या वजनाची बेरीज मारली की शून्यच येतंय. आणि हे सेल सेल म्हणजे काय ओ?

उत्तर : काका, आडवी ती रो, उभा तो कॉलम, दोन्ही जिथं भेटतात ती चौकट म्हणजे सेल, बी कॉलम आणि ५ नंबरची रो असली की तिचं नाव बी५, झालं. खरी गोम वेगळीच आहे, तुम्ही सेलमध्ये '१० किलो' असं लिहित असणार, मग एक्सेल त्याला आकडा न समजता अक्षरं समजतं आणि बेरीज करणारा सम (SUM) फॉर्म्युला अक्षरं सोडूनच देतो. बघा की, आकडा आपोआप उजवीकडं सरकतो, अक्षरं डावीकडं चिकटतात. नुसतं १० लिहा, 'किलो' वर मथळ्यात. फॉर्म्युल्याआधी बरोबरचं चिन्ह (=) मात्र पाहिजेच (मी अजून विसरतो).