एम.ए. समाजशास्त्र, मराठी माध्यम आणि आपलाच गाव

तुझा प्रश्न वाचला. बी.ए. मराठी घेऊन झालं, डिचोलीजवळच्या गावात राहतेस, गोवा विद्यापीठात समाजशास्त्राच्या एम.ए.ला नाव आलंय. इंग्रजीची धास्ती वाटते, विषयाचा पाया नाही असं वाटतं, आणि डिझर्टेशनला, म्हणजे एम.ए.च्या शेवटच्या संशोधन-प्रबंधाला, आपलाच गाव घेतला तर त्याला खरा अभ्यास म्हणतील का, अशी शंका आहे. वर आईबाबांचा प्रश्न, पुढे नोकरीचं काय. मीही मराठी शाळेतून आलेली, एम.ए. इथेच केलं, मग पीएच.डी., आणि आता बरीच वर्षं महाविद्यालयात शिकवते. गावाबद्दलचा तुझा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर जास्त लिहीन.

आधी पाया. बी.ए.ला समाजशास्त्र घेतलेली मुलं तुझ्यापेक्षा फार पुढे असतील असं समजू नकोस. त्यांच्याकडे व्याख्या असतात: कुटुंबाच्या चार, संस्थेच्या तीन. एम.ए.ला व्याख्यांनी पहिले दोन आठवडे निभावतात, पुढे नाही. पुढे विचारतात की हे तुला कशावरून कळलं, आणि दुसऱ्या कशावरून वेगळं कळलं असतं का. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइमचं आत्महत्येवरचं पुस्तक १८९७चं. त्यातले आत्महत्येचे प्रकार सगळे पाठ करतात. पण त्याने केलं काय ते बघ. माणसाचं सगळ्यात खाजगी, एकाकी वाटणारं कृत्य त्याने घेतलं आणि दाखवलं की त्याचं प्रमाण एकेका समाजात वर्षानुवर्षं जवळपास स्थिर राहतं, प्रॉटेस्टंटांत कॅथलिकांपेक्षा जास्त असतं, विवाहितांत आणि अविवाहितांत वेगळं असतं. म्हणजे व्यक्तीच्या मनाबाहेरचं काहीतरी तिथे काम करत असतं. त्याच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ टीका झाली, ती पण वाच. पण प्रश्न विचारण्याची ती रीत एकदा अंगात भिनली की पाया झाला समज.

तुझ्याच भागातलं उदाहरण देते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्सने १९५९मध्ये व्यक्तीची अडचण आणि समाजाचा प्रश्न यांतला फरक मांडला. डिचोलीत एका माणसाचा ट्रक दारात उभा आहे आणि बँकेचा हप्ता थकलाय, तर लोक म्हणतील त्याला व्यवहार कळत नाही. २०१२मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, २०१८मध्ये पुन्हा थांबल्या, आणि रस्त्याकडेला ओळीने ट्रक उभे राहिले, तेव्हा व्यवहार कळत नाही हे उत्तर पुरत नाही. आता याच्या पुढचा प्रश्न विचार. ज्यांच्या शेतांत खाणीची माती वाहून आली, त्यांतल्याच कित्येकांनी कर्ज काढून त्याच खाणीसाठी ट्रक का घेतले? शेत गेल्यावर दुसरं काय उरलं होतं, कर्ज कोणाला सहज मिळालं, ट्रक कोणाकडे आला आणि चालवायला कोण बसलं? एवढ्यातून एक चांगलं डिझर्टेशन उभं राहील. यातलं अर्धं तू लहानपणापासून डोळ्यांनी बघितलेलं आहेस.

इंग्रजीचं म्हणशील तर त्रास होईल, खोटं सांगत नाही. वर्गात इंग्रजी, वाचन इंग्रजी, उत्तरं इंग्रजी. पहिल्या सत्रात मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाचं एक पान वाचायला मला तासाहून जास्त लागायचा आणि मी वसतिगृहात रडले आहे. मग लक्षात आलं की वेबरने जर्मनमध्ये लिहिलंय आणि दुर्खाइमने फ्रेंचमध्ये. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली माझी मैत्रीणसुद्धा भाषांतरच वाचत होती, तिलाही ती वाक्यं तोडून तोडून लावावी लागत होती. तिचा वेग जास्त होता एवढंच. मी रोज दोन पानं वाचायची आणि पुस्तक मिटून त्यांचा सारांश मराठीत लिहायची. मराठीत लिहिता आलं नाही म्हणजे कळलेलं नाही, ही कसोटी मी आजही वापरते. परीक्षेच्या आधी तेच सारांश इंग्रजीत उतरवायचे. दुसऱ्या सत्राच्या शेवटी मधला टप्पा आपोआप गळला.

आणि मराठी म्हणजे उणी बाजू असं मनातून काढ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कॉर्नेलमध्ये जातिसंस्थेवर पीएच.डी. केली, १९०९मध्ये तो ग्रंथ आला, आणि परत येऊन त्यांनी मराठीत ज्ञानकोश उभा केला. डॉ. आंबेडकरांनी जातींच्या उगमावरचा निबंध १९१६मध्ये कोलंबियात वाचला. भारतीय समाजशास्त्राची घडी बसवणारे घुर्ये इथून जवळच्या मालवणचे. इरावती कर्वे इंग्रजीत आप्तसंबंधांवर लिहीत आणि मराठीत मराठी लोकांच्या संस्कृतीवर. मराठी विश्वकोशातल्या समाजशास्त्राच्या नोंदी आणि ‘समाज प्रबोधन पत्रिके’चे जुने अंक या उन्हाळ्यात वाच, संज्ञा ओळखीच्या होतील.

शब्दांवरून एक गंमत सांगते, तुला भाषेची आवड आहे म्हणून. इंग्रजीतला ‘कास्ट’ हा शब्द पोर्तुगीज ‘कास्ता’वरून आला. आपल्याकडे जात, पोटजात, वर्ण, कूळ हे वेगवेगळे शब्द. त्या एका शब्दात सगळे कोंबले गेले. आणि ‘कूळ’ घे. घराण्याचं कूळ आणि जमीन कसणारं कूळ. माझ्या एका विद्यार्थ्याने इंग्रजी प्रश्नावली करून तिचं मराठी केलं आणि ‘तुम्ही कूळ आहात का’ असं विचारत फिरला. एका आजोबांनी त्याला घराण्याची सात पिढ्यांची माहिती दिली. जमिनीचा प्रश्न तसाच राहिला. भाषा जाणणाऱ्याला ही अडचण आधीच दिसते, आणि संशोधनात त्याची किंमत फार आहे.

आता गाव. आपल्याच समाजाचा अभ्यास करावा की नाही हा वाद जुना आहे, आणि आपल्याकडे तो कधीचाच मागे पडलाय. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास मूळचे म्हैसूरचे, आणि १९४८मध्ये ते म्हैसूर भागातल्याच एका गावात जाऊन राहिले. दामोदर कोसंबी गोव्याचे, पेशाने गणिती, पण जुन्या काबिजादीतल्या (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या) गावकरीवर, म्हणजे गावाच्या सामायिक जमीनव्यवस्थेवर, त्यांनी लिहिलेला निबंध १९६२च्या त्यांच्या पुस्तकात आहे. तो तू वाचच. तेव्हा ‘खरा अभ्यास’ म्हणतील का, याचं उत्तर हो. अवघड आहे ते दुसरंच: आपल्या गावात आपल्याला काही दिसत नाही, सगळं नेहमीचं असतं.

माझं सांगते. माझा विषय होता भाटकार आणि मुंडकार यांचे बदललेले संबंध. भाटकार म्हणजे जमीनमालक, मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा. आम्ही मुंडकार. १९७५च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढता येत नाही, आणि पुढे आमच्या घराची जागा आमच्या नावावरही झाली. मी चाळीस प्रश्न तयार केले आणि मडगावच्या मैत्रिणीला सोबतीला घेऊन भाटकारांच्या घरी गेले. बाईंनी ‘या, या’ म्हणून बोलावलं. मैत्रीण चपला काढून वर गेली आणि सोप्यावरच्या बाकावर बसली. मी खालच्या पायरीवर बसले. मला कोणी तिथे बस म्हटलं नव्हतं. कोणी वर ये असंही म्हटलं नाही. चहा दोघींना सारखाच आला, गप्पा छान झाल्या, बाईंनी आमच्या आजीची आठवण काढली. रात्री मी सगळ्या उत्तरांच्या नोंदी नीट लिहिल्या. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मैत्रिणीने विचारलं, ‘तू वर का आली नाहीस गं?’

आजी नारळ मोजून द्यायला जायची तेव्हा त्याच पायरीवर बसायची, मी तिच्या मांडीजवळ. कायद्याने आमचं घर कधीच आमचं झालं होतं, तरी माझे पाय तिथेच थांबले. मार्गदर्शकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तुझ्या चाळीस प्रश्नांपैकी एकाच्याही उत्तरात हे आलं नसतं, इथूनच सुरुवात कर. मी तसंच केलं. नंतर सगळ्या गावात मी फक्त बसण्याच्या जागा टिपत होते: कोण सोप्यावर, कोण पायरीवर, कोण अंगणात उभं, आणि कोणाच्या घरी हे बदललंय. ज्यांची मुलं बाहेर कमावून आली होती त्यांच्या बाबतीत वयस्कर माणसंही वर बसायला लागली होती. पण दर वेळी नाही, जत्रेच्या दिवशी पुन्हा खाली.

गावचीच असल्याने आणखी एक अडचण येईल. लोक सांगणारच नाहीत. ‘तुला काय सांगायचं, तुला ठाऊकच आहे.’ किंवा ‘आमच्याकडे जातबीत कोणी मानत नाही गो.’ यावर उपाय म्हणजे रिवाज विचारू नकोस, प्रसंग विचार. पालखीचा मान कोणाचा असं विचारलंस तर ठरलेलं उत्तर मिळेल. गेल्या जत्रेत पालखी कोणी उचलली, तू कुठे उभा होतास, पावसाने उशीर झाला तेव्हा निर्णय कोणी घेतला, हे विचार. मग माणसं रंगून सांगतात, आणि सांगता सांगता भांडणंही बाहेर येतात. ‘जात मानत नाही’ हे वाक्यही लिहून ठेव, कोणी म्हटलं आणि कोणी म्हटलं नाही ते बघ. माझ्या गावात ते वाक्य वरच्या वाड्यावर पाच-सहा वेळा ऐकलं, खालच्या वाड्यावर एकदाही नाही.

मुलगी म्हणून काही दारं बंद राहतील. देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या हक्कदारांच्या, बैठकीला तुला बसू देतीलच असं नाही. पण विहीर, स्वयंपाकघर, पौषातले धालो (बायकांची नाचगाणी), या जागा तुझ्याच. धालोच्या मांडावर, म्हणजे ती नाचगाणी होतात त्या जागेवर, बायका जे एकमेकींना चिडवून बोलतात त्यात गावाचा अर्धा इतिहास असतो.

आता ज्यात माझ्याकडून चूक झाली ते. नावं बदलणं. पुस्तकात हे एका ओळीत असतं: माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवावी. श्रीनिवासांनी आपल्या गावाला रामपुरा म्हटलं, आंद्रे बेतेय यांनी तंजावरकडच्या गावाला श्रीपुरम. दोन्ही खोटी नावं. पण २०११च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. इथे नाव बदलून ओळख लपत नाही. मी एका विधवा बाईचं नाव बदललं, वाड्याचं नाव बदललं, आणि मग तिचा धंदा, तिच्या दोन मुलांपैकी एक बोटीवर आहे हे, आणि घराजवळची विहीर असं सगळं लिहिलं. तिच्या पुतणीने ते वाचलं. दिराशी जमिनीवरून झालेला वाद तिने मला विश्वासाने सांगितला होता, तो घरात पोचला. ती मला रागावली नाही, पण नंतर मी गेले की कामात असायची. मी माफी मागितली. झालेलं परत फिरलं नाही. आता मी विद्यार्थ्यांना सांगते की एका माणसाचे तपशील दोन-तीन माणसांत वाटा, विषयाला लागत नाही तो तपशील गाळा, आणि छापण्याआधी तो भाग त्या व्यक्तीला वाचून दाखवा. तिने नको म्हटलं तर तो काढायचा, कितीही चांगला असला तरी.

नोंदी त्याच रात्री लिही, उद्यावर टाकू नकोस. आणि दोन ठिकाणी ठेव. १९७०मध्ये स्टॅनफर्डमध्ये आग लागली आणि श्रीनिवासांनी रामपुऱ्याच्या नोंदींवरून केलेलं काम जळालं. मग त्यांनी आठवणीतून लिहिलं, ते पुस्तक १९७६मध्ये आलं आणि अजून वाचलं जातं. त्यांच्या डोक्यात तो गाव पक्का बसला होता. आपल्या बाबतीत तेवढी खात्री नको धरायला.

पुस्तकांसाठी विद्यापीठाचं ग्रंथालय आहेच. शिवाय पणजीला पाटो इथली कृष्णदास शामा मध्यवर्ती लायब्ररी आणि पर्वरीचं झेवियर सेंटर. तिथल्या कर्मचाऱ्यांशी ओळख करून घे, कुठला कागद कुठे आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. जुन्या देवस्थानांचे, घराण्यांचे मोडीतले कागद बघायची इच्छा असेल तर सुट्टीत मोडी शीक. समाजशास्त्राचे फार थोडे विद्यार्थी ती शिकतात.

नोकरीबद्दल आईबाबांना खरं सांग. महाविद्यालयातल्या कायम जागा कमी आहेत, आणि सुरुवातीला तासिकेवर किंवा कंत्राटावर काम करावं लागतं. त्यासाठी नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्यपातळीवरची) ही अध्यापनाची पात्रता परीक्षा लागते. महाराष्ट्र आणि गोवा यांची सेट पुणे विद्यापीठ घेतं. नेटला दोन पेपर, मिळून १५० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३पासून महिन्याला ३७ हजार रुपये, त्यात पीएच.डी.ची पहिली वर्षं निघतात. अध्यापन नको असेल तर सर्वेक्षणं, स्वयंसेवी संस्था, पत्रकारिता, आणि स्पर्धा परीक्षा या वाटा आहेत. मुलाखत घेणं, नोंद करणं, अहवाल लिहिणं नीट जमत असेल तर काम मिळतं. दुसऱ्या सत्रापासून नेटचा अभ्यास वेगळा असं मानू नकोस, वर्गातलंच वाचन पक्कं कर.

वर्ग सुरू व्हायच्या आधी एक कर. पुढच्या रविवारी गावात कुठलाही एक जमाव निवड, बारसं चालेल, ग्रामसभा चालेल, रेशनच्या दुकानासमोरची रांग चालेल. तासभर बघ, कोणाला काही विचारू नकोस, घरी येऊन दोन पानं लिही. इथे टाकलंस तर मी वाचेन. टाकण्याआधी नावं काढ, आणि विहिरीसारख्या खुणाही.