आईवर लिहिताना

प्रिय मित्रा,

आईवरचा तुझा मजकूर वाचला. वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेला हवा आहे म्हणून लगेच लिहितो. पहिल्या दोन पानांत आई ‘त्यागमूर्ती’ आहे, ‘वात्सल्यसिंधू’ आहे. असेलही. पण हीच विशेषणं मी मागे दुसऱ्या एका बाईंच्या पुस्तिकेत वाचली होती. त्या बाई आणि तुझी आई एकच होत्या की काय, असं वाटायला लागलं.

मग तिसऱ्या पानावर एक ओळ येते, ‘आई अंगणवाडी सेविका होती.’ आणि पुढच्याच ओळीत तू देवघरात! अरे, थांब ना तिथे जरा.

२ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाड्यांची योजना, म्हणजे एकात्मिक बालविकास योजना, देशात सुरू झाली, आणि तेव्हापासून गावातली सहा वर्षांखालची पोरं, गरोदर बायका, बाळंतिणी या सगळ्यांचा हिशोब सेविकेकडे. पोराला वजनकाट्याच्या झोळीत बसवायचं, आकडा तक्त्यावर मांडायचा. ठिपका हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात घसरला की त्या घरी जायचं. त्याच्याही खाली गेला, तर आरोग्य केंद्रात न्यायला घरच्यांना तयार करायचं. सासू म्हणणार, ‘आमच्यात पोरं बारीकच असतात.’ तिला पटवायचं, आणि उद्याही त्याच दारात जायचंय हे लक्षात ठेवून पटवायचं. तुझी आई हे कसं करायची? गोड बोलून, की दरडावून? माझा अंदाज दरडावूनच. तुमच्याकडे चहाला आलो होतो तेव्हा ओसरीवरून ऐकलाय तो आवाज. लेखात तो कुठेच नाही. तिचा राग गाळलास तर मायाही बेचव लागेल.

रात्री जेवणं आटोपल्यावर ती रजिस्टरं भरत बसायची, हे तूच मला सांगितलं होतंस. पुढे नोंदी मोबाइलवर आल्या. तिला ते कोणी शिकवलं? शिकवणारा तूच असशील आणि चिडला असशील, तर तेही येऊ दे.

४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरच्या अंगणवाड्या संपावर होत्या. जानेवारी उजाडला तरी संप चालूच होता. ‘आईने संपातही भाग घेतला’ एवढ्यावर तू उरकलंस. मुंबईला गेली होती का? मानधन थांबलं तेव्हा घर कसं चाललं? एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा ती काय म्हणाली? आठवत नसेल तर तिच्या अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंना विचार. तू शाळेत, नंतर पुण्यात. आईचा दिवस त्यांच्यासोबत गेला. पुस्तिकेच्या आधी त्यांच्याकडे जा. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, आणि वही लगेच बाहेर काढू नकोस.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यांना तू दोन पानं दिली आहेस. तिथलं सगळं अजून ताजं आहे, कळतं मला. तरी पाव पान पुरे. आजारपण तिच्या आयुष्यात फार उशिरा आलं, लेखातही त्याला तेवढीच जागा मिळू दे.

विशेषणं मी पेन्सिलने खोडली आहेत. एक ठेवायचंच असेल तर ‘हट्टी’ ठेव. मदतनीस बाईंकडे जाऊन आलास की फोन कर. छपाईवाल्याला मी आठवडाभर थांबायला सांगतो.

तुझा,
काका